मिक्सरला जाळी कळत नाही

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये डॉक्टर एकही नाही, पण सल्ला द्यायला प्रत्येक मजल्यावर एकेक तज्ज्ञ बसलाय. सासऱ्यांना लकव्याचा झटका आला, त्यांचं गिळणं बिघडलं आणि आम्ही त्यांना हॉस्पिटलातून घरी आणलं, तेव्हा हे मला कळलं.

गिळायचे व्यायाम शिकवायला एक थेरपिस्ट मुलगी घरी यायची. तिने स्वच्छ सांगितलं होतं, सगळं वाटून, गाळून, घट्ट द्यायचं. गुठळी नको आणि पातळ तर अजिबातच नको. साधं पाणीसुद्धा पावडर घालून दाट करायचं, नाहीतर ते पोटात जायच्या ऐवजी छातीत उतरतं. तोंडाने पुरेसं खाल्लं नाही तर नाकातली नळी परत घालावी लागेल. ती नळी सासऱ्यांनी हॉस्पिटलात उपटून टाकली होती, म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. आता नुसता 'नळी' शब्द कानावर पडला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझं म्हणाल तर मला त्या नळीची त्यांच्याहून जास्त धास्ती होती.

तर मी रोज सकाळी मिक्सर लावायची. पोहे वाटले, त्यांची खळ झाली. निवडणुकीची पोस्टरं चिकटवायला झकास. उपमा वाटला, तो सिमेंट निघाला. इडली-सांबार एकत्र फिरवलं, त्याचा जो रंग झाला त्याला मराठीत नाव नाही. सासरे चमचा बघायचे आणि ओठ घट्ट मिटून घ्यायचे. नवरा म्हणायचा, "अगं, शेवटी पोटात जाऊन सगळं एकच होतं ना!" हा माणूस भाताला भाजीचा रस्सा लागला तर ताट बदलून मागतो.

वरच्या मजल्यावरच्या काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. "मऊच तर आहे गं, घशाला काय कळतंय?" बोरीवलीची नणंद व्हिडिओ कॉलवरून लक्ष ठेवून होती. "वहिनी, प्रेमाने भरव ना. माणूस प्रेमाने खातो." प्रेम बोरीवलीत आणि चमचा भांडुपमध्ये, अशी आमची वाटणी.

दिवसेंदिवस सासऱ्यांचे गाल आत चालले. थेरपिस्ट म्हणाली, पुढच्या खेपेपर्यंत बघू, नाहीतर नळीचं बोलावं लागेल.

तेवढ्यात कुर्ल्याहून आत्याबाई आल्या, म्हणजे सासऱ्यांची मोठी बहीण. पिशवीत दोन नारळ आणि तोंडात मालवणी. भावाचे सुकलेले ओठ बघून त्यांनी मला दारातच धरलं. "गो बाय, म्हाताऱ्याक पाणी पण देणंस नाय? वैऱ्याकपण पाणी देतत!" मी पावडरचं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आमच्याकडे वडीलधाऱ्यांनी मान डोलावली की समजायचं, एक अक्षर आत गेलेलं नाही.

मी भांडी लावायला आत वळले आणि त्यांनी फुलपात्रभर गार पाणी भावाच्या तोंडाला लावलं. पुण्यच करत होत्या बिचाऱ्या. सासऱ्यांना असा ठसका लागला की चेहरा लाल, मग काळानिळा. मी धावले, त्यांना पुढे वाकवून धरलं. खोकून खोकून एकदाचा श्वास सुरळीत झाला, तोवर माझाच जीव गेला होता. मग मी ओरडले. आत्याबाईंवर या घरात आजवर कोणी आवाज चढवलेला नव्हता. "मारायचंय का तुम्हाला त्यांना? मारायचंय?" नवरा गॅलरीत जाऊन कुंडीतली पानं मोजायला लागला.

आत्याबाई संध्याकाळभर बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता वाट लागली, गावापर्यंत बातमी जाणार. पण सकाळी उठून बघते तर बाई ओट्यापाशी उभ्या, तांदळाचं पीठ कालवलेलं, नारळ खोवलेला. "सांग गो, कसा करूचा ता."

मी सांगितलं. घावणे करायचे, गूळ घातलेल्या दाट नारळाच्या रसात वाटायचे, गाळायचे. चमचा कलंडला की गोळा अलगद सुटायला हवा, ओघळायला नको, चिकटायला नको. त्यांनी पहिला घावणा काढला आणि बाजूला टाकला. का, तर जाळी पडली नाही. दुसराही टाकला. माझं डोकं फिरलं. "आत्याबाई, मिक्सरमध्ये घालायचेत ते! मिक्सरला जाळी कळत नाही!"

"त्येका कळता," त्या म्हणाल्या, आणि तिसरा घावणा, पांढराशुभ्र, भोकाभोकांचा, ताटलीत घेऊन थेट भावासमोर गेल्या. त्याच्या नाकाखाली धरला. वाफ लागली तशी सासऱ्यांची मान वर आली. मग त्यांनी मला मिक्सर तिथेच आणायला लावला आणि भावाच्या डोळ्यांदेखत तो घावणा रसात वाटून गाळला. इतके दिवस मी त्या माणसासमोर स्वयंपाकघरातून कसले कसले लगदे आणून ठेवत होते. ते काय आहे हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. असला लगदा पुढे आला असता तर मीसुद्धा तोंड मिटलं असतं.

हनुवटी खाली घेऊन बसवलं, चमचा पुढे केला. ओठ उघडले. गिळलं. दुसरा चमचा. मी त्यांच्या कंठाकडे बघत होते. तो वर गेला, खाली आला, ठसका नाही. वाटी संपली. आत्याबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि मीही, उगाच कशाला लपवू?

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. झटक्यापासून त्यांचे शब्द जड पडायचे, म्हणून ते बोलणंच टाळायचे. त्यांनी जीभ कशीबशी फिरवली.

"खाल्लंस?"

"मी कुठली खाणार?" मी म्हटलं. "तुम्ही खात नव्हता ना, बाबा."

मग चांगला हात उचलून त्यांनी बहिणीला खूण केली. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात सून शेवटी जेवते आणि उरलेलं जेवते, हा या दोघा भावंडांच्याच आईने घातलेला नियम.

"हिका वाढ," ते म्हणाले.

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, तव्याकडे गेल्या, आणि मला पाटावर बसवून वाढायला लागल्या. मी पोटभर घावणे खाल्ले. अख्खे.