माझ्या वावरातले रोही

कामरगावहून कारंज्याला जाणाऱ्या जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. आफ्रिकेत बोअरवेल खोदणाऱ्या गाडीवर काम करून नुकताच परतलेला. सांगताना तळहात अख्ख्या जीपभर फिरवायचा. इथं वाळवंट, इथं जंगल, इथं मका, आणि ड्रायव्हरच्या मानेपासून मागच्या बाईच्या टोपलीपर्यंत नुसतं गवत.

"थे कोनी नांगरत नाई काय?" मी विचारलं.

"नाई. झेब्रे चरतात, हत्ती चालतात. आपन गाडीतून पाहाचं."

मी अकोल्याच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. तो माणूस मला नकोसा वाटायला लागला.

तेवढ्यात माझं वावर आलं. तुरीत रोह्यांचा कळप घुसला होता. मी रोज घसा फोडतो, पण या नीलगायी मानसुद्धा वर करत नाहीत. त्यानं जीप थांबवली, वावराच्या कडेला धुऱ्यावर उभं राहून तोंडाला हात लावले आणि एकच आरोळी ठोकली. सगळा कळप उधळला.

"तिकडं जनावरांपाशी वरडू देत नाईत भाऊ," हसत तो परत चढला. "लय दिवस आवाज दाबून बसलो होतो."

आफ्रिका पाहिली त्यानं, पाहू दे. पण माझ्या वावरातल्या रोह्यांनीही त्याचंच ऐकावं?