तीन पत्रांची वजनं

वेयो किन्नुनेनला आपल्या टपालाचा भारी अभिमान. कागदी टपालाचा नव्हे, ईमेलचा. इसाल्मी गावाच्या टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं तारा ओढून निवृत्त झालेला हा गडी गप्प बसणार थोडाच! सॉनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत, टॉवेलांच्या फळीवर त्यानं एक जुना संगणक बसवला आणि घरचा ईमेल सर्व्हर सुरू केला. "आपली पत्रं परक्या कंपनीच्या गोदामात कशाला?" असं तो ज्याला त्याला सुनवायचा. बायकोचा, राइलीचा, पत्ताही त्यानं तिथंच आणला.

"चालेल," ती म्हणाली. "पण माझे टॉवेल हलवलेस तर तुझी खैर नाही."

पहिलं वर्ष नुसती डोकेफोड. याची पत्रं कुणी घेईना, आलेली कुठं अडकत कळेना. ते सगळं त्यानं निस्तरलं, तर कचरा सुरू झाला: लॉटऱ्या, औषधं, खोट्या धमक्या. मग त्यानं नियम घातला. ज्या सर्व्हरची ओळख पटवणारी कागदपत्रं धड नाहीत, त्याचं पत्र घ्यायचं आणि गुपचूप फेकून द्यायचं. या कामातले जाणते सांगत होते, नाकारायचं तर पाठवणाऱ्याला तसं कळव. पण शहाण्याला सांगणार कोण! "चोराला कसलं उत्तर?" रोज सकाळी कॉफी पिता पिता तो सर्व्हरच्या नोंदी वाचायचा आणि जाहीर करायचा, "आज एकशेबारा गारद!"

सप्टेंबरात राइलीची धाकटी बहीण एइला स्वीडनमध्ये वारली. तरुणपणी तिकडच्या कारखान्यात गेली ती तिकडचीच झाली होती. वडिलांचं तळ्याकाठचं घर विकण्यावरून दोघींचं वाजलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून अबोला. एइलाच्या मुलीचं, आनिकाचं, अंत्यविधीचं छापील बोलावणं आलं. खाली हातानं लिहिलं होतं: 'आईनं वसंतात तुला तीनदा ईमेल केला. तू गप्प राहिलीस. आई म्हणाली, उत्तर मिळालं.' आमच्या इसाल्मीकडे गप्प राहणं हेही उत्तरच असतं, आणि ते कुणी फोन करून तपासत नाही.

"मला तर काहीच आलं नाही," राइली म्हणाली. "बघ रे तुझ्या मशीनमध्ये."

वेयोनं बघितलं. एप्रिलमध्ये एक, मेमध्ये दोन. तारीख, एइलाचं नाव, पत्राचं वजन आणि शेवटी 'फेकलं'. एइला राहायची त्या वसाहतीच्या सर्व्हरची कागदपत्रं अर्धवट होती, एवढाच तिचा गुन्हा. ती पत्रं फेकली गेली त्या सकाळीही आपण मोठ्या ऐटीत आकडा सांगितला असणार, हे आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. तो बाहेर आला आणि म्हणाला, "काही दिसत नाही."

"मग पोरगी खोटं लिहिते. मरतानाही टोमणा मारायला चुकली नाही एइला!" राइलीनं बोलावणं उलटं ठेवलं. "मी जाणार नाही."

चार दिवस तो घरात चोरासारखा वावरला. नियम त्यानं पहिल्याच दिवशी काढला होता, पण आता काढून काय उपयोग? फळीवरच्या त्या संगणकाकडे बघवेना. पाचव्या दिवशी राइलीनं कॉफी ओतली, तेव्हा त्यानं कप बाजूला सारला.

"पत्रं आली होती. मी फेकली. म्हणजे माझ्या नियमानं. आणि त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोललो."

राइली किटली हातात धरून उभीच राहिली. "काय लिहिलं होतं तिनं?"

"माहीत नाही. पत्रं उरली नाहीत. किती मोठी होती, तेवढंच उरलंय."

"किती मोठी होती?"

"पहिलं असेल दोन पानांचं. दुसरं अर्धं पान."

"आणि तिसरं?"

वेयोला मान वर करवेना. "एक ओळ. फार तर दोन."

राइलीनं किटली खाली ठेवली.

"स्वीडनच्या बोटीची तिकिटं काढ," ती म्हणाली. "दोन."

"आनिकाला मी आजच लिहून कळवतो, सगळं..."

"लिहायचं काही नाही," राइली म्हणाली. "तिच्यासमोर उभं राहून सांगायचंस."