वरून टाकलेली किल्ली

चर्चची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही. वरून टाकली. ती धावपट्टीच्या धुळीत पडली. मी वाकून उचलली.

"तू थांब. तुमच्या लोकांना सवय असते," वरिष्ठ फादर म्हणाले आणि विमानात चढले.

आफ्रिकेतल्या त्या देशात यादवी पेटली होती. विमानात एक जागा रिकामी होती. तिच्यावर त्यांनी पुस्तकांची पेटी ठेवली. आम्ही दोघंही एकाच मिशनरी संघाचे धर्मगुरू. पण ते गोव्यातल्या बामण ख्रिस्ती घराण्यातले, मी मराठवाड्यातल्या मांगवाड्यातला. आमच्याकडे भाकरीही अशीच वरून पडायची. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ते धुतलं गेलं नव्हतं.

गावकरी जंगलात लपले. घंटा वाजली की मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, एवढं त्यांना ठाऊक. मग सैनिक आले. कमांडर म्हणाला, "वाजव."

मी वाजवली.

लोक झाडीतून बाहेर आले. बायका डोक्याला रुमाल बांधून, मिस्सेला येतात तशा. पुढचं सगळं मी पाहिलं. घंटेचा दोर हातातच होता.

संघाच्या पुस्तिकेत फादरनी लिहिलं, की माझ्या कपाळाला बंदूक लावली होती. खोटं आहे. बंदूक कमांडरच्या खांद्याला लटकत होती. मी ते वर्षानुवर्षं छापू दिलं.

माझा बा हलगी वाजवायचा. पाटलाने एकदा त्याला माणसं गोळा करायला सांगितलं. आमचीच घरं पाडायची होती. बाने हलगी खाली ठेवली. त्यांनी त्याचा हात मोडला. मी झगा घालून तेवढंही केलं नाही.

मागच्या महिन्यात पेंडल हिलच्या हॉलमध्ये फादरच्या धर्मगुरूपदाची जुबिली झाली. निवृत्तीनंतर आम्ही दोघंही इथेच, सिडनीत. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा पुण्याचा तरुण इंजिनिअर मला म्हणाला, "फादर, दोनच मिनिटं. जरा पॉझिटिव्ह ठेवा, ओके?"

मी परतल्यावर संघाने जपून ठेवलेली तीच किल्ली आता मला भेट म्हणून मिळणार होती. फादरनी व्हीलचेअरमधून ती माझ्या तळहातावर धरली. वीतभर वर. आणि सोडली.

मी हात मागे घेतला. किल्ली फरशीवर खणकली.

मग माईकवर सगळं सांगितलं. रिकामी जागा, पेटी, घंटा, बंदूक कुठे होती ते. पुढच्या रांगेत जवळच्याच टूनगॅबीची एक बाई होती, त्याच देशातली, त्या जंगलातून वाचलेली. दर रविवारी मुलांना माझ्याकडे आशीर्वादाला आणायची. ती उठली. आवाज न चढवता इंग्रजीत बोलली.

"माझा भाऊ सगळ्यांच्या पुढे धावला होता. मिस्सेला उशीर नको म्हणून. यापुढे माझ्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवू नका."

ती गेली. मुलं मागे वळून बघत होती.

"उचल ती किल्ली," फादर मराठीत म्हणाले.

मी उचलली नाही.

मला क्षमा नको. ती द्यायला जे हवे होते, ते घंटेला आले आणि मेले. फादर माझ्या जागेवर पेटी ठेवून गेले. घंटा मी वाजवली, पहिल्याच हुकुमाला. पुस्तिकेत हे असंच छापून येईपर्यंत मी प्रत्येक वेदीवरून बोलणार. वेदी काढून घेतली, तर दारात उभा राहून बोलणार.