टोक नसलेला धागा

बायांनो, दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर न्हाय.

माझ्या आक्काचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. उद्या धाराशिवला रक्ताची तपासणी, आन् ती हटून बसली, "आता सुई नको." तिची पोरगी सुमी पुण्यात संशोधन करती. ती समजावत होती, मी भाकरी थापत होते.

"मावशी, गुरांचं दावं कुठनं उकलतं?"

"टोकाकडनं. पटकन बोल, भाकर करपती."

"आपल्या पेशीत आरएनए नावाचे धागे असतेत. ते बहुतेक टोकाकडनंच संपतेत. पण काहींची टोकं जुळून कडं होतं, ते लई टिकतं. आधी शास्त्रज्ञांना ती पेशीची चूक वाटायची. आता कळतंय, काही कडी कॅन्सरला आवरतेत, काही बळ देतेत. रक्तातबी सापडतेत."

आक्का ताठ बसली. "मग माझ्या रक्तात बघ की!"

"आई, अजून शोधच चाललाय. तवर उद्याची तपासणी करावीच लागंल."

"चल मग. आन् तुझ्या शोधालाबी रक्त लागलं तर माझं घे."

भाकर करपलीच. मी मनगटाची नस बघत बसले. एवढी वर्षं हेच रक्त घेऊन राबतीय, आन् आत बिनटोकाची कडी फिरतेत!

तुमाला ठाऊक होतं का गं? मग मला कुणी सांगितलं का न्हाय?