चंदन, गुलाब आणि थोडा कापूर

नाशकात उच्च अभिरुचीचा माणूस एकच होता, आणि तो मी होतो. साल चौतीस-पस्तीस असेल. सगळं गाव न्हाव्यापुढे मान वाकवून बसायचं; मी मात्र घरी, आरशापुढे, सुगंधी साबणाने दाढी करायचो. विलायती साबण मला चालत नसे. (त्याच्या वासाला म्हणे स्वभाव नव्हता. असं म्हणणारा मीच.) भद्रकालीतले अत्तरवाले करीमचाचा माझ्यासाठी खास वड्या बनवून देत. वाळा मला भोळा वाटे, मोगरा लाडिक, केवडा तर अगदीच आगाऊ. शेवटी मी स्वतःचं मिश्रण सांगितलं: चंदन, गुलाब आणि थोडा कापूर.

ती वडी पहिल्यांदा वापरली, त्याच सकाळी इगतपुरीहून गोविंदराव मला बघायला येणार होते. रेल्वेत गार्ड, आणि एकुलत्या एका मुलीचे वडील. वडीला फेस इतका आला की नाकाखालचं काही दिसेना, आणि वस्तरा मिशीत घुसला. अर्धी मिशी मिरवण्यापेक्षा मी उरलेलीही उडवली. बाप हयात असताना मिशी काढत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण आरशात मी सिनेमातल्या नटासारखा दिसत होतो. निदान मला.

माझे वडील अण्णा तेव्हा मागे विहिरीवर अंघोळ करत होते. गोविंदराव आले ते दारातच थबकले. त्यांनी हवेचा वास घेतला, माझा बोडका ओठ पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"अरेरे. कधी?"

मला वाटलं, दाढीचं विचारताहेत.

"आज सकाळीच."

"आणि आटोपलंही सगळं?"

"हो. घरच्या घरी."

गोविंदराव मटकन ओट्यावर बसले. फार त्रास झाला का, असं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. थोडं रक्त आलं, पण तुरटी फिरवल्यावर थांबलं, असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ते उघडले तेव्हा घरामागून ओलेत्याने, स्तोत्र पुटपुटत, अण्णा येत होते. गोविंदरावांनी दोन्ही हात वर केले, जणू सुटलेली गाडीच थांबवताहेत. मग अण्णांची नजर माझ्या ओठावर गेली. आपण अजून जिवंत आहोत, हे त्यांनी मला, पाहुण्यांना आणि आजूबाजूच्या घरांना एकाच दमात कळवलं.

उलगडा झाल्यावर गोविंदराव चहा प्यायले. निघताना अण्णांना म्हणाले, "मुलगा देवमाणूस आहे हो. फक्त वास देवाघरचा येतो."

मिशी पुन्हा वाढेपर्यंत बोलणी अडली, पण लग्न झालं. पहिल्या दिवाळीला मी चाचांकडून तीन नव्या वड्या आणल्या आणि बायकोपुढे ठेवल्या. म्हटलं, यातली तुझ्या पसंतीची सांग, जन्मभर तीच लावीन. तिने तिन्ही शांतपणे, एकेक करून हुंगल्या. अखेर घरात कोणीतरी जाणकार आलं, म्हणून माझा ऊर भरून आला.

"कोणतीही लावा," ती म्हणाली. "वास कळण्याइतकं जवळ येतंय कोण?"