ऐकू आलं नसेल तर ‘पाच’ म्हणू नका

राहात्यातील विमान-रेडिओ वर्गाची खोली महिनाअखेरीस रिकामी करावी लागणार, याला संस्थेच्या सचिवांनी काल दुजोरा दिला. वर्ग मात्र बंद होणार नाही, असे पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या भानुदास थेटे सरांनी स्वतः सांगितले.

सर हवाई दलात रेडिओ ऑपरेटर होते. बातमीसाठी मी प्रथम त्यांच्या वर्गात गेलो आणि मागे बसलो.

“पत्रकारसाहेब, कसं ऐकू येतंय?”

“छान, सर.”

“मग मी काय सांगत होतो?”

पंख्याच्या घरघरीत मला काहीच कळले नव्हते. वर्ग हसला. “न ऐकता मान डोलवायची आपली सवय,” सर म्हणाले, “आकाशात ती जीव घेते.”

म्हणून रेडिओ तपासताना उत्तर आकड्यात द्यायचे. एक म्हणजे काहीच समजत नाही, तीन म्हणजे कष्टाने, पाच म्हणजे स्वच्छ. रेडिओवर उत्तरादाखल म्हणतात त्या ‘रॉजर’चे मूळही त्यांच्याकडूनच कळले. तारेच्या काळात संदेश मिळाला की ‘रिसीव्ह्ड’मधले ‘आर’ एवढेच अक्षर पाठवत. दुसऱ्या महायुद्धात रेडिओवर बोलताना त्या अक्षराला ‘रॉजर’ म्हणत. पुढे अक्षराचे नाव बदलले, शब्द राहिला. “मिळालं, एवढाच अर्थ. मान्य आहे, असा नव्हे,” सर बजावतात.

पाथर्डीकडची सोनाली आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाई, तेव्हा तिचा वर्ग बुडे. सर रोज दुपारी तिला फोन करत.

“सोनाली, रेडिओ चेक.”

“दोन, सर! शेजारी टॅक्टर हाय, लई आवाज!”

ट्रॅक्टर जाईपर्यंत सर फोन कानाला लावून थांबत. आज ती एका विमानतळावर रेडिओवरच काम करते.

गेल्या महिन्यात संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी खोली रिकामी करण्याचा ठराव भराभर वाचला. सरांनी दोनदा “पुन्हा वाचा” म्हटले.

“सर, तुम्हाला ऐकू येत नाही, रेडिओ काय शिकवणार?” अध्यक्षांनी टोमणा मारला. सदस्यांनी माना डोलवल्या.

सर सदस्यांकडे वळले. “तुम्ही सांगा, काय वाचलं?”

एकाने अध्यक्षांच्या हातातला कागद वाचायला मान लांबवली.

“मला तीन ऐकू आलं, म्हणून मी विचारलं. तुम्हाला एकही आलं नाही, तरी मान डोलवलीत. बहिरं कोण?” उठता उठता ते म्हणाले, “ठराव मिळाला. मान्य नाही.”

येत्या सोमवारी सकाळी वर्ग सरांच्या ओसरीवर भरेल. फळा वर्गातली मुलं आणि मी नेणार आहोत, सोनालीने रजा टाकली आहे. पंचाहत्तरीनिमित्त सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. ते विचारतील, कसं ऐकू येतंय? फाटकापर्यंत बसलेल्या प्रत्येकाने खरा आकडा सांगायचा आहे.