पायाळूचा खुबा

बायडाआत्याचा डावा पाय आमच्या गावात तिच्यापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. ती पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. दिंडोरीच्या पुढचं आमचं गाव, सगळीकडे द्राक्षाचे बाग, आणि हंगामात क्रेट उचलताना कोणाची ना कोणाची पाठ धरतेच. मग तो माणूस कमरेवर हात ठेवून, तोंड वाकडं करून आमच्या ओट्यावर येतो आणि पालथा पडतो. आत्या हातातलं काम टाकून येते, भिंतीला धरते, डावा पाय उचलते आणि टाचेने त्याची पाठ वरून खाली दाबत नेते. "ऊठ आता, लय नाटकं नको करू," म्हणते. माणूस उठतो, तिच्या पाया पडतो आणि जातो. बरं वाटलं की नाही, ते त्याचं त्याला माहीत.

मी उज्वला, तिच्या भाच्याची, रोहितची बायको. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे सासू म्हणून जे काही माझ्या वाट्याला आलं ते आत्याच. घरात तिचा शब्द चालतो, पण पाय चालत नाही. डावा पाय आखूड आहे. प्रत्येक पावलाला ती कमरेतून डावीकडे झुकते आणि परत सावरते. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा म्हणे तिला आधीच पाटावर बसवून ठेवलं होतं, आणि पाहुणे जाईपर्यंत उठू दिलं नव्हतं. लग्न झालं. पहिल्या दिवाळीला माहेरी आणली, ती परत न्यायला कोणी आलं नाही. तेव्हापासून ती इथेच, धाकट्या भावाच्या घरात. हा भाऊ म्हणजे माझे सासरे, कारभारी. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

लंगडण्याबद्दल घरात कोणाला प्रश्न पडलेला मी कधी पाहिला नाही. देवाने पायाला गुण दिला, त्याच्या बदल्यात चाल काढून घेतली, असं ठरून गेलेलं होतं. मीसुद्धा लग्न करून आले तेव्हा मान डोलावली होती. दुसऱ्याच्या पायाबद्दल मान डोलवायला काय जातं?

मग माझी सृष्टी झाली. पोटात ती शेवटपर्यंत फिरलीच नाही, पाय खाली करून बसली, म्हणून नाशिकला सिझर करावं लागलं. आता सिझरने काढलेलं मूल पायाळू धरायचं की नाही, यावर गावात दोन तट पडले. मी टाक्यांनी कण्हत पडलेली आणि तिकडे पारावर ही चर्चा. आबांनी निकाल दिला, "पोटातून का होईना, आधी पायच आले ना? मंग पायाळूच." घरात दुसरी पायाळू आली म्हणून त्यांनी पेढे वाटले. पहिला नातू झाला असता तरी इतके वाटले नसते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना पायाळूचं कौतुक नव्हतं. त्यांनी विचारलं, घरात कोणी लंगडतं का? मी आत्याचं सांगितलं. ते म्हणाले, मुलगी आहे, पाय खाली असलेली आहे आणि घरातही कोणी लंगडणारं आहे, तेव्हा सहाव्या आठवड्यात हिच्या खुब्याची सोनोग्राफी करायचीच, विसरायचं नाही. मी विसरले नाही. पण सव्वा महिना मूल उंबऱ्याबाहेर काढायचं नाही यावर वाद, ते संपल्यावर सोनोग्राफी या शब्दावर वाद. "ती तर पोटुशी बाईची करत्यात," आबा म्हणाले. शेवटी ते स्वतः बरोबर आले. लक्ष ठेवायला.

अंधाऱ्या खोलीत सृष्टीला कुशीवर निजवलं, खुब्याला गार चिकट मलम लावलं, आणि ती किंचाळायला लागली. पडद्यावर नुसता करडा चिखल. मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्यात बोट ठेवून दाखवलं. ही खुब्याची वाटी आणि हा मांडीच्या हाडाचा गोळा. उजवीकडे गोळा वाटीत नीट बसलेला. डावीकडे वाटी उथळ, बशीसारखी, आणि गोळा तिच्या काठावर. त्यांनी पाय जरा दाबला आणि तो माझ्या डोळ्यांदेखत बाहेर घसरला.

"मंग सरळ फोटू काढा की," आबा म्हणाले. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात.

"इतक्या लहान बाळाचा गोळा अजून कूर्चेचा असतो, आबा. हाड झालेलं नसतं. फोटोत तो उमटणारच नाही. म्हणून सोनोग्राफी."

बाहेर आल्यावर आबा रोहितला म्हणाले, "फोटूत न दिसणारं दुखणं असतं का कुठं?" आणि रोहितने खांदे उडवले. नवऱ्याच्या खांद्यांचा मला तेवढा राग कधी आला नव्हता.

उपाय साधा होता. पाय फाकवून, गुडघ्यात दुमडून ठेवणारा एक पट्टा. रात्रंदिवस घालायचा, डॉक्टरांशिवाय कोणी काढायचा नाही, आंघोळसुद्धा ओल्या फडक्याने. गोळा वाटीत टेकून राहिला की वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. या वयात हाड ऐकतं, पुढे ऐकत नाही. मग भूल देऊन प्लास्टर, नाहीतर ऑपरेशन. मला एवढंच कळलं की माझ्या हातात थोडे आठवडे आहेत.

गावी गेल्यावर आत्याने पट्टा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बेडकावानी बांधली की गं पोरगी! पायाळूचा पाय बांधायचा नसतो, गुण जातो."

"जाऊ दे गुण," मी म्हणाले. "मला चालणारी मुलगी पाहिजे."

आत्या उठून आत गेली, तिच्या त्या चालीने, आणि मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. बोलणं चुकीचं नव्हतं, पण ते तिच्यासमोर बोलले याचं मला वाईट वाटलं.

पुढच्या सोनोग्राफीत गोळा होता तिथेच. डॉक्टरांनी पट्ट्याच्या बंदांकडे पाहिलं. कुठवर आवळायचं याची त्यांनी निळ्या पेनने खूण केली होती, आणि बंद त्या खुणेच्या बरेच अलीकडे बांधलेले होते. "घरी काढता का हा?" त्यांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन मी सरळ ओट्यावर उभं राहून विचारलं. आबा सुपारी कातरत होते. अडकित्ता न थांबवता म्हणाले, "दोन मिन्टं काढला असंल. मोतीराम आलता. उठताबी येईना बिचाऱ्याला."

"आणि तुम्ही माझ्या मुलीचा पाय त्याच्या पाठीला लावलात?"

"तिच्या पायाचा गुण ताजा हाय. आत्याचा आता म्हातारा झाला."

"एकदाच?"

"दारी आलेल्याला नाय कसं म्हणायचं?" म्हणजे मी झोपले, नाहायला गेले, की सर्रास हे चाललं होतं. पट्टा सोडायचा, पोरीचा पाय कोणाच्या तरी घामट पाठीवरून फिरवायचा, आणि पट्टा परत जमेल तसा बांधायचा. बांधणारी कोण? आत्या. ती चुलीपुढे मान खाली घालून बसली होती. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रोहित "अगं हळू, लोक ऐकतायत" म्हणाला, तेव्हा मी आणखी मोठ्याने बोलले. लोकांनी ऐकावं हेच मला हवं होतं. त्याच संध्याकाळी सृष्टीला घेऊन मी नाशिकला आमच्या म्हसरूळच्या फ्लॅटवर आले. रोहित आणि मी एरवी तिथेच राहतो, गावी बाळंतपणापुरते होतो.

पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळी दारात आत्या उभी. एकटी, जीपने आलेली, जिना चढून घामाघूम. "मला बी ने डॉक्टरकडं," म्हणाली. "पट्टा म्या सोडलाय. म्या तिचं वाटोळं केलं का, ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय."

मला तिला बरोबर न्यायचं नव्हतं. पण तिला परत तो जिना उतरायला लावून एकटीला पाठवणं माझ्याने झालं नाही.

डॉक्टर त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. लांब व्हरांड्यातून आत्या चालत आली आणि त्यांनी सृष्टीकडे न बघता आधी तिच्याकडे पाहिलं, पायांकडे, कमरेकडे. "आजी, तुमचा कधी फोटो काढलाय?" आत्या म्हणाली, "लग्नातला हाय एक." मग समजावून तिला एक्स-रेच्या खोलीत नेलं. मी आतल्या टेबलावर तिला निजवलं. "पायांचे अंगठे आत वळवा" म्हटल्यावर उजवा वळला, डावा नाही. ती छताकडे बघत, माझा हात घट्ट धरून पडली होती. ज्या पायापुढे सारं गाव पालथं पडतं, तो पाय जरासुद्धा आत वळत नव्हता.

डॉक्टरांनी पडद्यावर तिचा फोटो लावला. त्यात करडा चिखल नव्हता, सगळं स्वच्छ दिसत होतं. उजवा गोळा वाटीत. डावी वाटी रिकामी, सपाट, आणि गोळा तिच्या कितीतरी वर, कमरेच्या हाडाला घासून घासून चपटा झालेला.

"हा तुमचा सांधा, आजी. लहानपणीच निसटलाय. हिचा निसटायला लागला होता, तसाच."

"म्हंजे ही देवाची खूण नाय?"

"नाही. पोटात पाय खाली असलेल्या मुलींमध्ये हे जास्त होतं."

आत्या पडद्याकडे बघत म्हणाली, "तवा असं बांधलं असतं तर?"

"बहुतेक तुम्ही नीट चालला असतात. पण तेव्हा सोनोग्राफी नव्हती हो, आजी."

"डोळे तर व्हते की लोकांना."

डॉक्टरांनी तो फोटो पडद्यावरून काढला. मग सृष्टीची सोनोग्राफी केली. गोळा अजून काठावरच होता, पण थोडा आत टेकायला लागला होता. त्यांनी बंद आवळले, नवी खूण केली आणि मला बजावलं की ही शेवटची संधी आहे. यानंतर प्लास्टर.

आत्या गावी परत गेली नाही. आमच्या हॉलमध्ये पाळण्याशेजारी पथारी टाकून तिने ठाण मांडलं. माझासुद्धा हात पट्ट्याजवळ गेला की "काय करतीस?" म्हणून विचारायची. मला राग यायचा आणि तो राग गिळायचा, कारण पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने होतं.

एका रविवारी आबा दिंडोरीच्या एका दोस्ताला घेऊन आले. मोठा बागायतदार, गाडीतून उतरतानाच विव्हळत होता. आबांनी चहा होईपर्यंत दम धरला आणि म्हणाले, "दोनच मिन्टं. आपल्या माणसाला परत धाडायचं का?" मी ओरडणार तेवढ्यात आत्या पाळण्याच्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"पट्टा सुटणार नाय, कारभारी."

"मंग तू तरी लाव पाय."

"माझा पाय निसटल्याला हाय. तू पाळण्यात यायच्याबी आदीपासून. ज्याची पाठ दुखती त्यानं दवाखान्यात जावं."

आबांना इतक्या वर्षांत तिने नाही म्हटलेलं नव्हतं. ते दोस्ताला धरून जिना उतरून गेले, चहा तसाच राहिला. आत्याने तो ओतून टाकला.

पुढच्या सोनोग्राफीत गोळा वाटीत होता. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, फिरवून पाहिला, तो हलला नाही. वाटी अजून थोडी उथळ आहे, पट्टा काही आठवडे राहील, वर्षाची झाली की एकदा फोटो काढू, तेव्हा हाड दिसेल, असं म्हणाले. मला तिथेच रडू आलं. आबांना फोन केला तर म्हणाले, "पायाळू हाय, म्हून इतक्या लवकर बरी झाली." गावात ते अजून तसंच सांगतात. आता मी भांडत नाही, दमले.

रिक्षाने घरी येताना आत्याने सृष्टीला मांडीवर घेतलं होतं. आर.टी.ओ. कॉर्नरला सिग्नल लागला. शेजारच्या मैदानात पोरं पकडापकडी खेळत होती, आणि आत्या त्यांच्याकडे बघत होती.

"ही पळंल ना गं?" तिने विचारलं.

"पळेल, आत्या. डॉक्टर म्हणाले ना."

"मला खेळात घ्यायची नायत पोरं. पळता येत नव्हतं म्हून," ती म्हणाली. "पन त्यांच्या बापाची पाठ धरली ना, की मला खांद्यावर बसवून पाय लावायला घरी न्यायची."